कॅरेटमधली दोन पिल्लं आणि सिमवाला कॅमेरा

सकाळी साडेअकराला वनरक्षकांचा फोन आला तेव्हा मी नारायणगावजवळ एका गोठ्यावर सीसीटीव्हीची वायर ओढत होतो. "उसात बिबट्याची दोन पिल्लं सापडलीत. आज रात्रीच आईला परत द्यायचीत. तुझा तो सिमवाला कॅमेरा घेऊन ये," एवढंच बोलले आणि ठेवला. वायर तशीच गुंडाळली आणि निघालो.

माझा धंदा शेतावरच्या कॅमेऱ्यांचा. गोठे, पोल्ट्री, विहिरीवरच्या मोटारी. बिबट्याच्या कामाला बोलावतात तेव्हा हातातलं टाकून जातो, कारण त्या कामात उशीर परवडत नाही. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात ऊस उभा राहिला आणि बिबट्याला वर्षभराचं घर मिळालं. मादी उसातच पिल्लं देते. तोडणी सुरू झाली की ते घर एका दिवसात कापलं जातं.

मी पोचलो तेव्हा फडातली तोड थांबलेली होती. ऊसतोड मजुरांची टोळी बांधावर बसलेली, कोयते खाली ठेवलेले. पिल्लं ज्या ताईंना सापडली त्या अजून थरथरत होत्या. "पाचट ओढलं तर मला मांजरच वाटलं हो दादा. एक फिस्कारलं, तेव्हा कळलं." डॉक्टरांनी हातमोजे घालून दोन्ही पिल्लं तपासली होती, कातडीखाली ओळखीची चिप बसवली होती. तीनेक आठवड्यांची असतील. डोळे उघडलेले, निळसर, आणि पाठीवरचे ठिपके अजून नीट सुटे न झालेले. दोन्ही एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसत होती.

आई आली नाही तर पुढे काय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माणिकडोहच्या निवारा केंद्रात जायचं आणि जन्मभर पिंजऱ्यात राहायचं. दुसरीकडे शंभर-दीडशे पावलांवर टोळीच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या होत्या, त्यात लहान पोरं. पिल्लं शोधत फिरणारी मादी रात्रभर त्या कोप्यांभोवती घुटमळावी असं कुणालाच वाटत नव्हतं. या भागात माणसं गेली आहेत, पोरं गेली आहेत. त्यामुळे पिल्लं आईला मिळणं ही त्या पोरांसाठीही तेवढीच गरजेची गोष्ट होती.

पद्धत साधी आहे. पिल्लं जिथे सापडली त्याच सरीत टोमॅटोचं कॅरेट ठेवायचं, आत तिथलंच पाचट अंथरायचं, पिल्लं ठेवायची आणि अंधार पडायच्या आत माणसांनी लांब जायचं. मादी वासावर येते, कॅरेट आडवं करते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. मुद्दा एवढाच की त्या वेळी जवळपास माणूस नको. पूर्वी साधा कॅमेरा लावायचो तेव्हा काय झालं हे सकाळी कार्ड काढल्यावर कळायचं, नाहीतर कुणीतरी रात्री बॅटरी घेऊन बघायला जायचं. त्या एका फेरीने मादी बिचकून परत जाते.

समोर हालचाल झाली की स्वतःच फोटो काढून मोबाइल नेटवर्कवरून फोनवर पाठवणारे हे सिमवाले कॅमेरे मुळात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या गरजेतून वाढले. हरीण कुठल्या वाटेने किती वाजता येतं हे घरबसल्या कळावं म्हणून. त्यामुळे प्रत्येक फोटोखालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान यांच्याबरोबर चंद्राची कलाही छापून येते. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि बिबट्या तर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतला. मला त्या यंत्राचा एकच गुण हवा असतो: तिथे न जाता तिथलं दिसावं.

घेताना मी एकदा चांगलाच फसलो होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो. तीन वर्षांपूर्वी परदेशातून मागवलेला एक महाग कॅमेरा हातात आला. फोटो काचेसारखे स्वच्छ. पण सिम घातलं की नेटवर्क शोधत बसायचा. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की तो अमेरिकेच्या 4जी बँडवर (म्हणजे मोबाइल लहरींच्या ठरावीक पट्ट्यांवर) बनलेला आहे, 2, 4, 12, 13 वगैरे. आपल्याकडचे टॉवर बोलतात ते 3, 5, 8, 40 असल्या बँडवर. शिवाय तो तिकडच्याच एका कंपनीच्या सिमला बांधलेला होता. तेव्हापासून मेगापिक्सेल शेवटी बघतो. आधी बँड, मग सिम कुठलंही चालतं का, एपीएन (सिमचं इंटरनेट सुरू करायचं सेटिंग) हाताने भरता येतो का, आणि मग लाइट कुठला.

हा लाइट फार महत्त्वाचा आहे. रात्रीचे फोटो इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला सहसा न दिसणाऱ्या उजेडावर निघतात. 850 नॅनोमीटरचा असेल तर उजेड लांब जातो, फोटो स्वच्छ येतो, पण दिव्यांची जागा अंधारात मंद लाल दिसते. 940चा असेल तर काहीच दिसत नाही, मात्र पल्ला कमी आणि फोटो दाणेदार. गाडीत त्या दिवशी दोन्ही होते. पिल्लांच्या कामाला मी 940च लावतो. मला सुंदर फोटो नको असतो, मादीने कॅरेटकडे बघावं, कॅमेऱ्याकडे नाही, एवढं हवं असतं.

बांधावर फोन काढला तर रेंजच्या तीन काड्या. तिथेच समाधान मानायचं नसतं. कॅरेटजवळ जाऊन फोन गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला. एक काडी, तीही येऊन-जाऊन. चारी बाजूंनी बारा फूट ओला ऊस उभा, त्यातून रेंज कशी येणार? दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलं, जरा बरं वाटलं. मग कॅमेऱ्याचा आखूड अँटेना काढून वायरवाला लावला आणि तो एका बांबूच्या टोकाला बांधून उसाच्या शेंड्यांच्या वर काढला. दोन पक्क्या काड्या मिळाल्या.

रेंज कमी असली की नुसता फोटोच अडकत नाही, सेलही संपतात. एरवी कॅमेऱ्याचा मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, झोपलेला असतो. हालचाल झाली की फोटो निघतो, मोडेम जागा होतो, टॉवर शोधतो, फोटो ढकलतो, परत झोपतो. टॉवर सापडला नाही तर तो जोर लावून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि साधे सेल एका रात्रीत मान टाकतात. शेतमालकांना विचारलं, "दादा, फवारणीचा बॅटरीपंप आहे का?" त्यांनी लगेच पोराला घरी पिटाळलं. त्या पंपातली 12 व्होल्टची बॅटरी कॅमेऱ्याच्या बाहेरच्या पिनेला जोडली. (आपला कॅमेरा 12 घेतो की 6, हे आधी बघा. 6च्याला 12 दिले तर जळून जाईल.)

उसाला कॅमेरा बांधायचा नाही, तो वाऱ्यावर डुलतो. पहार ठोकली आणि गुडघ्याच्या उंचीवर, कॅरेटपासून साधारण चार मीटरवर कॅमेरा बसवला. त्याचा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, मागच्या रानापेक्षा गरम असं काहीतरी समोरून सरकलं की चाप ओढतो. जानेवारीची थंडी होती, म्हणजे ती बाजू चांगली. पण उन्हात तापलेलं पान समोर हललं तरी तो फसतो आणि शंभर रिकामे फोटो पाठवत बसतो. मुकादमाने दोन माणसं दिली, त्यांनी समोरची पाती आणि लोंबतं पाचट खुडून दिलं. मग चाचणी. मी हातापायांवर, बिबट्याच्या उंचीने, कॅरेटच्या तिन्ही बाजूंनी रांगलो आणि वनरक्षक कॅमेऱ्याचा चाचणीचा लाल दिवा लागतोय का ते बघत राहिले. डाव्या बाजूने लागत नव्हता. पहार वीतभर फिरवली, लागला. व्हिडिओ बंद ठेवला, जायला फार वेळ घेतो. एका वेळी तीन फोटो, आणि प्रत्येकाची छोटी प्रत लगेच फोनवर.

साडेसहाला पिल्लं कॅरेटमध्ये ठेवली आणि आम्ही सहाशे-सातशे मीटरवरच्या गोठ्यात जाऊन बसलो. वनपाल, वनरक्षक, डॉक्टर, शेतमालक आणि मी. माझा फोन मधे पोत्यावर.

आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोटो आला. सगळे एकदम वाकले. फोटोत गावठी कुत्रा होता, कॅरेटला नाक लावून. अशा वेळी काय करायचं हे कुठे लिहिलेलं नाही. गेलो तर मादी जवळ असेल तर बिचकेल, नाही गेलो तर कुत्रं पिल्लं फाडेल. वनरक्षक उठले आणि लांबच्या बांधाने, वाऱ्याच्या खालच्या अंगाने गेले. तिथूनच त्यांनी दोन ढेकळं भिरकावली. पुढच्या फोटोत कुत्र्याची पाठमोरी शेपटी होती आणि कॅरेटच्या जाळीतून दोन चमकणारे डोळे.

10:52. फोटोच्या उजव्या कडेला मागचा एक पाय आणि शेपटीचा बाक. पुढच्या फोटोत ती समोर होती. मान खाली, कान मागे, पुढचा पाय उचललेला तसाच धरलेला. गोठ्यात कुणी श्वास घेत नव्हतं.

आणि त्यानंतर काहीच नाही.

पंधरा मिनिटं, अर्धा तास. अकरा चाळीस झाले. वनपाल म्हणाले, "घाबरून गेली वाटतं. बघून यावं का?" सगळे माझ्याकडे बघत होते, कारण यंत्र माझं होतं. पण झोपलेल्या कॅमेऱ्याला इथून हाक मारता येत नाही. तो जागा होईल तेव्हाच बोलेल. मी स्वतःच्या फोनकडे बघितलं आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्याही फोनची रेंज गेली होती. गावची लाइट दहापासून नव्हती, टॉवरची बॅटरी बसली असणार. म्हणजे फोटो निघतही असतील, पोचत नसतील. मी म्हणालो, "साहेब, टॉवर बंद आहे. आता जाऊ नका. माझ्या शब्दावर थांबा." हे बोललो खरा, पण आत धाकधूक होती. आतमध्ये नेमकं काय चाललंय हे मलाही माहीत नव्हतं.

साडेबाराला गोठ्यातला बल्ब लागला. फोनवर एक काडी आली. अजून काही नाही. कॅमेरा अडकलेले फोटो पुढच्या हालचालीलाच पाठवतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नुसता पोत्याकडे बघत बसलो.

12:41ला फोन वाजायला लागला आणि थांबेचना. आधी जुने: 10:54, कॅरेटवर पंजा. 10:55, कॅरेट आडवं. 10:58, तोंडात पिल्लू, चारी पाय आकसलेले, मान सैल. मग नवे: 12:36, ती परत आलेली. आणि शेवटच्यात दुसरं पिल्लू तोंडात, ती वळलेली, मागे रिकामं कॅरेट. खाली पट्टीत 11 अंश आणि अर्धा चंद्र.

शेतमालक बराच वेळ तो फोटो धरून बसले. "पहिलं ठेवून परत आली की," असं दोनदा म्हणाले.

सकाळी उजाडल्यावर गेलो. ओल्या सरीत तिच्या पायांचे ठसे कॅरेटपर्यंत दोनदा येऊन दोनदा गेलेले. वनपालांनी ती दिशा बघून मुकादमाला सांगितलं की आज पलीकडच्या टोकापासून तोडा, या दहा सऱ्या दोन दिवस राहू द्या. मुकादमाने मान हलवली, ज्या ताईंना पिल्लं सापडली होती त्यांनी फोटो मागून घेतला. मी कॅमेऱ्याच्या पेटीत शिरलेल्या मुंग्या झटकल्या, बांबू उतरवला आणि बॅटरी परत पंपात बसवून दिली. दादांना नऊ वाजता कांद्यावर फवारणी करायची होती.