आमची वाटचाल: शोधण्याचे पैसे वेगळे

धुराच्या गळतीची कामं आम्ही निवडली नाहीत, ती आमच्याकडे उरली. सुरुवातीला आमची फर्म पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून खोली गरम करणारे स्टोव्ह, बसवायची आणि थंडी सुरू होण्याआधी ते साफ करून द्यायची. बसवण्याच्या कामात पैसा दिसतो, साफसफाई ठरल्या वेळात उरकते. पण ‘खोलीत धुराचा वास येतोय, जरा येऊन बघा’ या कामाला किती वेळ लागेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून बाकीचे अशी कामं टाळायचे आणि फिरत फिरत ती आमच्या दारात यायची.

आम्ही पोचेपर्यंत स्टोव्हचा धूर बाहेर नेणाऱ्या पाईपवर बहुतेक वेळा दोघातिघांचे हात फिरून गेलेले असत. प्रत्येक सांध्यावर लाल सिलिकॉनचे थर, त्यावर चकचकीत टेप, आणि वास तसाच. दाराची दोरी, म्हणजे गॅस्केट, हमखास नवी घातलेली. ही दोरी बदलण्याची हौस सगळ्यांना का असते, ते आम्हाला आजही कळलेलं नाही. कदाचित तेवढा एकच भाग समोरून दिसतो म्हणून असेल.

साध्या लाकडाच्या स्टोव्हमध्ये गरम धूर आपल्या ओढीने वर चढतो. पाईपमधला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी राहतो, त्यामुळे पाईपला बारीक फट असली तर खोलीतली हवा आत जाते. पेलेट स्टोव्हमध्ये हे काम पंखा करतो. हा पंखा, म्हणजे ब्लोअर, जळणाच्या पेटीतून धूर ओढतो आणि पुढे पाईपमध्ये ढकलतो. म्हणजे ब्लोअरच्या अलीकडे सगळी ओढ आणि पलीकडे सगळा रेटा. अलीकडच्या फटीतून हवा आत शिरते. दाराची दोरी सैल असेल तर ज्योत मंदावते, काच काळी पडते, पण ब्लोअर चालू असेपर्यंत धूर बाहेर येत नाही. पलीकडची केसाएवढी फट मात्र सरळ खोलीत धूर सोडते. नव्या माणसाला आम्ही हातात हत्यार देण्याआधी कागदावर ब्लोअर काढायला लावतो आणि विचारतो, ‘आता सांग, फट कुठल्या बाजूला आहे?’

धंद्याला खरं वळण मिळालं ते दरपत्रकातल्या एका बदलाने. शोधणं आणि बुजवणं यांचे पैसे आम्ही वेगळे केले. आधी बुजवण्याचेच मिळायचे, म्हणून साहजिकच प्रत्येकाचा हात सिलिकॉनच्या नळीकडे जायचा. शोधण्याला किंमत नसली की कुणी शोधत नाही, अंदाजाने लिंपतो. नवं दरपत्रक लावलं तेव्हा ग्राहक कुरकुरले. ‘अहो, नुसतं बघायचे पैसे?’ हे वाक्य खूप ऐकलं. फर्ममध्येही सगळ्यांना पटलं नव्हतं. आमचे सर्वांत जुने मिस्त्री तेवढे ठाम होते. त्यांचं म्हणणं, तपासणीचा कागद हातात पडला की माणूस बुजवायला दुसऱ्याकडे गेला तरी चालेल, निदान योग्य जागा तरी बुजेल. काही जण खरंच दुसरीकडे गेले. बहुतेक गेले नाहीत.

शोधायची वेळ महत्त्वाची असते. स्टोव्ह नुकताच पेटत असतो, इग्नायटर, म्हणजे पेटवणारी विजेची कांडी, तापून पेलेट धुमसत असतात आणि ज्योत अजून धरलेली नसते, ती पहिली काही मिनिटं धूर सर्वांत दाट असतो. एकदा ज्योत धरली की धूर जवळजवळ दिसेनासा होतो. गळती मात्र चालूच असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्हाला स्टोव्ह थंड लागतो. ‘तुम्ही येणार म्हणून आधीच छान पेटवून ठेवलाय,’ असं प्रेमाने सांगणारे ग्राहक पुष्कळ भेटतात. मग स्टोव्ह निवेपर्यंत गप्पा मारत बसावं लागतं. दिवे बंद करायचे, पडदे ओढायचे आणि टॉर्च पाईपला समांतर, तिरपा धरायचा. उजेडाच्या झोतात धुराची बारीक रेघ लगेच दिसते. समोरून टॉर्च मारला तर तीच रेघ हरवते. नाक मात्र फसवतं, कारण धूर सांध्यातून निघून पाईपच्या बाहेरच्या बाजूने सरकतो आणि भलत्याच ठिकाणी वास देतो.

आमच्या अनुभवात पहिला संशयित म्हणजे स्टोव्हच्या मागचं तोंड आणि पहिला अडॅप्टर, म्हणजे पाईपला स्टोव्हशी जोडणारा तुकडा, यांचा जोड. स्टोव्ह एका कंपनीचा, पाईप दुसऱ्या कंपनीचा, दोघांच्या मापात किंचित फरक, आणि पूर्ण रेटा तिथेच सर्वांत जास्त. त्यानंतर टीच्या, म्हणजे T आकाराच्या जोडाच्या, तळाचं साफसफाईचं झाकण. दरवर्षी ते निघतं, राखेसकट परत बसतं आणि त्यातलं रबरी कडं चिरडतं. पेलेटचा पाईप दुहेरी असतो, आत स्टेनलेस स्टील आणि बाहेर वेगळा पत्रा. काही पाईपांत आतल्या नळीची उभी शिवण दुमडून केलेली असते, ती गळली तर धूर दोन भिंतींमधून वाहत पुढच्या सांध्यावर बाहेर पडतो. मग त्या निर्दोष सांध्यावर थरावर थर चढत राहतात. असा पाईप बदलावाच लागतो.

सर्वांत चकवणारी गळती पाईपमध्ये नसतेच. ब्लोअर जिथे स्टोव्हला बसतो तिथलं गॅस्केट फाटलेलं असतं. तो धूर स्टोव्हच्या पाठीमागच्या पोकळीत साचतो, खोलीत गरम हवा सोडणारा दुसरा पंखा त्याला ओढून घेतो आणि समोरच्या जाळीतून फेकतो. वास समोरून येतो म्हणून संशय पुन्हा दारावर! याची खूण सोपी आहे: गरम हवेचा पंखा सुरू झाल्यावरच वास वाढत असेल, तर बाजूचं आवरण काढून आत बघा.

बुजवण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण जागा सापडल्यावर ते काम थोडंच उरतं. पेलेट स्टोव्हचा धूर लाकडाच्या स्टोव्हच्या मानाने थंड असतो, म्हणून उच्च तापमानाचं सिलिकॉन इथे टिकतं. न्हाणीघरात वापरतात ते टिकत नाही. भट्टीचं सिमेंट तापून-निवून आणि ब्लोअरच्या थरथरीने तडकतं. सांधा उघडायचा, जुनं सगळं खरवडायचं, राख पुसून पत्रा कोरडा करायचा आणि सिलिकॉन आतल्या नळीवर, जिथे दोन तुकडे एकमेकांत जातात तिथे लावायचं. राखेवर सिलिकॉन धरत नाही, आणि बाहेरच्या पत्र्यावर कितीही फासलं तरी धूर आतून वाट काढतोच. रबरी कडं असलेल्या पाईपांवर आम्ही आधी कडं बदलून बघतो. स्क्रू मारायचा तर उत्पादकाने सांगितलेल्या जागीच, आतल्या नळीला भोक पडता कामा नये. साधारण 24 तास स्टोव्ह बंद ठेवायचा, मग पुन्हा थंड पेटवून तीच तपासणी. या दुसऱ्या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

पुढे आणखी एक गोष्ट तपासणीच्या कागदात आली: पाईपची लांबी. धुराला वाटेत अडथळा जास्त असेल तर सांध्यांवरचा रेटा वाढतो. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत त्याचा हिशेब असतो. 90 अंशांचा प्रत्येक एल्बो (पाईपचं वळण) किंवा टी म्हणजे 5 फूट, 45 अंशांचा म्हणजे 3 फूट, आडवा फूट पूर्ण धरायचा, उभा अर्धा. बेरीज 15 फुटांच्या वर गेली की 3 इंचीऐवजी 4 इंची पाईप. हा हिशेब न करता लावलेल्या पाईपचे सांधे आम्ही बुजवून देतो, पण कागदावर लिहून देतो की हे पुन्हा सुटतील.

काही कामांना सरळ नकार देतो. कपडे वाळवण्याच्या यंत्राची अॅल्युमिनियमची लवचीक नळी किंवा गॅसच्या उपकरणाचा पाईप लावलेला असेल, तर तिथे बुजवण्यासारखं काही नसतं. स्टोव्हच्या खोलीत आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो बसेपर्यंत स्टोव्ह पेटवून देत नाही. या वायूला वास नसतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असं धरता येत नाही. यावरून ग्राहक दुखावले आहेत, कामंही गेली आहेत.

वीज गेल्यावर काय होतं, हेही आता आम्ही विचारतो. ब्लोअर थांबला की रेटा आणि ओढ दोन्ही संपतात. सगळा पाईप भिंतीतून आडवा बाहेर काढलेला असेल तर धूर दारातून, हॉपरमधून (पेलेट भरायच्या टाकीतून), जिथून जमेल तिथून खोलीत येतो. पाईपचा काही भाग उभा असेल तर त्याची स्वतःची थोडी ओढ उरते आणि उरलेला धूर वर निघून जातो. ‘फक्त वीज गेली की वास येतो,’ असं कुणी फोनवर सांगितलं, की आम्ही सिलिकॉन गाडीत ठेवतच नाही, उभा पाईप मोजून घेतो.

हल्ली स्टोव्ह बसवणारे दुसरे लोकही ताबा देण्याआधी तपासणीसाठी आम्हाला बोलावतात. नव्या पाईपचे सांधे मोकळे असतानाच बघायला मिळतात, हे आमच्या दृष्टीने सर्वांत सोयीचं काम. नवा स्टोव्ह पहिल्यांदा तापताना रंग भाजल्याचा उग्र वास येतो, त्याला गळती समजून घाबरू नका. खिडक्या उघडून दोनचारदा चांगला तापवला की तो जातो. त्यानंतरही वास राहिला तर आम्हाला फोन करा. आम्ही येईपर्यंत स्टोव्ह पेटवू नका, आणि कृपा करून पाईपला टेप लावू नका.