खसखशीचा पोलिश रोल, तासगावच्या बेदाण्यांसह

मिरजेहून कोल्हापूरकडे जाताना वळिवडे स्टेशन लागतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हाकललेली ही माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आली होती. काही जण हवापालटासाठी पाचगणीलाही राहिले. त्यांच्या मुलखात २४ डिसेंबरच्या, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण बिनमांसाचं असतं आणि त्यात खसखस हवीच. तिचा गोड रोल म्हणजे ‘माकोव्येत्स’. याला लागणारं सगळं सांगली-साताऱ्यात मिळतं, म्हणून तो इथे घरी व्हायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

पोलंडमधली खसखस निळसर-काळी, आपली पांढरी. त्यामुळे कापल्यावर काळी वेटोळी दिसणार नाहीत, सारण बदामी दिसेल. चवीत त्यामुळे काही बिघडत नाही. बिघडतं ते वाटण्यात. दोन रोलसाठी २५० ग्रॅम खसखस घ्या. आधी चिमूटभर चावून बघा, कडवट किंवा खवट लागली तर ती जुनी आहे, वापरू नका. अनारशाला किंवा रश्श्याला वापरतो तशी कोरडी किंवा भाजून घेऊ नका. अर्धा लिटर दुधात मंद आचेवर २०-२५ मिनिटं शिजवा आणि फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी पाट्यावर वाटा. मिक्सर असेल तर थोडी थोडी घालून, थांबत थांबत फिरवा, कारण सलग फिरवल्यावर भांडं तापतं, तेल सुटतं आणि दाणे मात्र अख्खेच राहतात. बोटांत चोळल्यावर कण लागू नयेत, पांढरा चीक सुटावा.

कढईत ३० ग्रॅम लोणी, वाटलेली खसखस, १०० ग्रॅम साखर आणि ३ मोठे चमचे मध घालून सारण कडा सोडेपर्यंत परता. महाबळेश्वरचा जांभळाचा मध गडद आणि किंचित कडसर असतो, साखरेचा गोडवा तो छान सावरतो. ७५ ग्रॅम बेदाणे कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळून घाला, ५० ग्रॅम अक्रोड आणि संत्र्याची किसलेली सालही घाला. सारण पूर्ण गार झालं की दोन अंड्यांचं पांढरं फेसून हलक्या हाताने मिसळा. सारण सैल वाटलं तर दोन चमचे भाजलेला रवा घाला.

पिठासाठी ३५० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, ११० मिली कोमट दूध, एक अख्खं अंडं आणि बाजूला ठेवलेले दोन बलक. मळत आल्यावर ८० ग्रॅम मऊ लोणी. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाका. डिसेंबरच्या थंडीत दीड-दोन तास सहज लागतात.

पिठाचे दोन भाग करून प्रत्येकी २५ बाय ३० सेंटिमीटर लाटा. कडेला दोन सेंटिमीटर सोडून सारण पसरा आणि गुंडाळा. रोल नेहमी इथेच फसतो. घट्ट गुंडाळला तर फुगायला जागा मिळत नाही आणि तो भट्टीत फुटतो. ओलं सारण असेल तर वाफ धरते, मग आत पोकळी होते आणि पापुद्रा सुटतो. म्हणून सैलसर गुंडाळा, सांधा खाली ठेवा, बटर पेपरमध्ये बोटभर मोकळी जागा सोडून लपेटा, टोकं उघडी ठेवा. अर्धा तास पुन्हा फुगू द्या. हा अर्धा तास टाळला तरीही रोल फुटतोच. १८० अंशावर ३५ ते ४० मिनिटं भाजा. गार झाल्यावर पिठीसाखर लिंबाच्या रसात कालवून वरून ओता. कापायचा मात्र दुसऱ्या दिवशी, तोवर सारण घट्ट होतं.

ओव्हन नसेल तर पूर्व पोलंडकडचीच ‘कुत्या’, म्हणजे गहू-खसखशीचा गोड पदार्थ, करा. त्यासाठी आपला खपली गहू उत्तम. कांडून साल काढलेले २०० ग्रॅम गहू रात्रभर भिजवून मऊ शिजवा, पाणी पूर्ण निथळा, तशीच शिजवून वाटलेली १०० ग्रॅम खसखस, मध, बेदाणे आणि अक्रोड मिसळा. आपल्या खिरीसारखी पातळ करायची नाही आणि गूळही नको. मध गहू गार झाल्यावरच घालायचा, नाहीतर त्याचा वास उडून जातो.