चार्जरच्या पाठीवरचा मजकूर

मोबाइलच्या चार्जरची पाठ वाचायला भिंग लागते, आणि भिंग घेऊन चार्जर वाचत बसलेला माणूस घरच्यांना जरा चमत्कारिक दिसतो, हे मी अनुभवाने सांगतो. काळ्या प्लास्टिकवर करड्या शाईने दहाबारा खुणा दाटीवाटीने छापलेल्या असतात. त्या पाहून ‘एवढे शिक्के आहेत त्या अर्थी वस्तू चांगलीच असणार’ असे मी वर्षानुवर्षे मानत आलो होतो. भिंगाखाली तो समज फार काळ टिकला नाही.

मुळात त्यांतल्या कित्येक खुणा कोणी दिलेले प्रमाणपत्र नसून साध्या सूचना आहेत. चौकोनातला चौकोन एवढेच सांगतो की आतल्या विजेभोवती दुहेरी इन्सुलेशन आहे, त्यामुळे अर्थिंगची गरज नाही. चिमुकले घर म्हणजे ही वस्तू छपराखालीच वापरावी, आणि फुली मारलेली कचरापेटी म्हणजे निकामी झाल्यावर तिला घरातल्या इतर कचऱ्यात टाकू नये. प्लास्टिकच्या बाटलीखालचा बाणांचा त्रिकोणही याच जातीचा. १९८८ साली ठरलेला त्याच्या आतला १ ते ७ हा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्याचा पुनर्वापर होईलच, असे वचन त्यात नाही. (मी मात्र तो त्रिकोण पाहून कितीतरी डबे धुऊनपुसून ठेवले.)

खरा घोळ होतो तो ‘सीई’ या अक्षरांपाशी. युरोपात विकायच्या अनेक प्रकारच्या वस्तूंवर ती सक्तीची असतात, म्हणून ती पाहिली की युरोपात कोणीतरी ही वस्तू तपासून पसंत केली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात ती वस्तू युरोपात बनलेली असावी लागत नाही आणि चार्जरसारख्या उपकरणांच्या बाबतीत ‘मी तिथले सगळे नियम पाळले आहेत’ हे उत्पादक स्वतःच जाहीर करून ती अक्षरे छापतो. खोटे बोलल्यास कायदा त्याला धरतो, हे खरे. पण साक्ष त्याची स्वतःचीच असते. जिथे धोका अधिक म्हणून त्रयस्थ संस्थेची देखरेख सक्तीची आहे, तिथे बहुधा अक्षरांशेजारी त्या संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. तेव्हापासून मी अक्षरांआधी आकडे शोधतो.

वर्तुळातल्या ‘यूएल’ची, म्हणजे त्याच नावाच्या अमेरिकेतल्या तपासणी-संस्थेच्या खुणेची, गोष्ट वेगळी, आणि मला ती मनापासून आवडते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा झगमगाट झाला आणि आगीच्या भीतीने विमा कंपन्यांची झोप उडाली. विल्यम मेरिल हा तरुण विद्युत अभियंता त्यांच्याच कामासाठी तिथे आला होता. १८९४ मध्ये विमेवाल्यांच्या पैशावर त्याने वस्तू तपासणारी प्रयोगशाळा थाटली. आग लागली तर ज्यांच्या खिशाला झळ बसणार, त्यांनीच तपासणीचा खर्च उचलला. इतका चोख त्रयस्थ शोधूनही सापडणार नाही.

पण याच संस्थेची आणखी एक खूण आहे: आरशात पाहावा तसा उलटा ‘आर’ आणि त्याला चिकटलेला ‘यू’. तिचा अर्थ असा की तपासणी एका सुट्या भागाची झाली आहे, संपूर्ण वस्तूची नव्हे. विकणाऱ्याला हा फरक ठाऊक असतो, घेणाऱ्याला सहसा नसतो.

माझ्या चार्जिंग केबलच्या लांबीवर हाच उलटा ‘आर’ वितीवितीच्या अंतराने छापलेला आहे आणि पुढे ‘ई’ने सुरू होणारा क्रमांकही आहे. तो मी संस्थेच्या नोंदींत शोधला. नोंद खरी निघाली, तारेचा उत्पादकही सापडला. केबल मात्र पिनेच्या मानेपाशी सोलली असून तिला मी चिकटपट्टी गुंडाळली आहे. तपासणी तारेची झाली होती, मानेची नव्हे.