न मोजलेली पाकिटं

सुप्रीम कोर्टात आमच्या निवडणूक याचिकेचं अपील 42 नंबरवर होतं. पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी उभं राहून एवढंच सांगितलं, की विधानसभेची मुदत संपली, नवी निवडणूकही झाली, आता या अपिलात काही उरलेलं नाही. आधाराला 1974 चा लोकनाथ पाढान निकाल. दोन मिनिटांत अपील निकाली. कायद्याचे मुद्दे पुढच्या एखाद्या प्रकरणासाठी खुले ठेवले, तेवढंच पदरात पडलं.

माझे अशील, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, विधानसभेला अगदी थोड्या मतांनी हरले होते. बाद झालेल्या टपाली मतपत्रिका त्या फरकापेक्षा जास्त होत्या. अशा वेळी त्या पुन्हा तपासल्याच पाहिजेत, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. तसं झालं नाही, ही आमची तक्रार.

निवडणूक याचिका निकालापासून 45 दिवसांत हायकोर्टात दाखल करावी लागते. उशीर माफ करायचा अधिकारच कोर्टाला नाही. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रत खरी असल्याची याचिकाकर्त्याची स्वतःची सही. यात चूक झाली तर याचिका उंबरठ्यावरच फेटाळली जाऊ शकते. 43व्या दिवशी रात्री भाऊ ऑफिसात सह्या करायला बसले. प्रतिवादी अकरा. धोका नको म्हणून आम्ही पानापानावर सही घेत होतो. मी मागून एकेक पान उलटत होते. सातव्या संचात पान 87 कोरं होतं. सापडलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. भाऊंनी बोटं चोळली आणि सही केली. त्या प्रतींत कुणालाही खोट काढता आली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

भाऊंचा संशय वेगळाच होता. निवडणूक अधिकारी फितूर होता, असं ते छातीठोकपणे सांगत. पण तसं लिहिलं की ती करप्ट प्रॅक्टिस, म्हणजे निवडणुकीतला भ्रष्ट आचार झाला. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं आणि पुरावा फौजदारी खटल्याच्या तोडीचा. आमच्या हातात काहीच नव्हतं. सर, म्हणजे माझे सीनियर वकील, म्हणाले, "पुरावा नाही, तर आरोप नाही." मी तो परिच्छेद काढून टाकला.

याचिका सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. आमची साडेतीन वर्षं चालली. समोरच्यांनी तारखा मागायच्या आणि त्या मिळायच्या, याचा मला मनापासून राग आहे. शेवटी निकालावर परिणाम झाल्याचं सिद्ध होत नाही म्हणून याचिका फेटाळली गेली. अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही कायद्यातच आहे. नोटीस, पेपरबुक म्हणजे अपिलाच्या कागदांचा संच, तारखा यांत विधानसभेची मुदतच संपली.

अपिलाच्या तयारीत मी गुजरातमधल्या धोळका मतदारसंघाच्या खटल्याचा निकाल पाठ होईपर्यंत वाचला होता. तिथे फरक 327 मतांचा, बाद टपाली मतं 429. मे 2020 मध्ये हायकोर्टाने निवडणूक रद्द केली आणि तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. तिथे करप्ट प्रॅक्टिसचा आरोप होता. तो असला की सहा वर्षांपर्यंतच्या अपात्रतेचा प्रश्न उरतो, म्हणून मुदत संपली तरी प्रकरण जिवंत राहतं. आमच्या याचिकेत फक्त मतमोजणीतली चूक होती. पुराव्याशिवायचा तो परिच्छेद ठेवला असता, तर त्या दिवशी आमचं अपील निदान ऐकलं गेलं असतं का? सरांना विचारलं. ते म्हणाले, "तरी मी तो ठेवला नसता." मला अजून तेवढ्या ठामपणे म्हणता येत नाही.

बाहेर आलो. भाऊंना आदेशाचा अर्थ समजावला.

"मंग ते पाकिटं आता कुठी असतीन, मॅडम?"

बाद टपाली मतांची ती पाकिटं जिल्ह्याच्या ठिकाणी, सीलबंद. प्रकरण संपलं की नियमाप्रमाणे नष्ट होतील, असं मी सांगितलं.

"आमदारकी नाई पाह्यजे मले. त्यायले एकडाव मोजून दाखवा म्हना फक्त."

तसा अर्ज कुठल्या तरतुदीखाली करता येईल, ते मी परतीच्या गाडीत शोधत होते. अजून सापडलेली नाही.