सरांचं 'गेट'

आठवीत पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर मधोमध मोठ्ठं 'गेट' लिहिलं आणि अर्थ विचारला. पाचवीपासून पाठ केलेलं होतं, सगळा वर्ग एका सुरात ओरडला, मिळणे! सरांनी काही न बोलता खाली चार वाक्यं लिहिली. आय गॉट अ लेटर. आय गॉट अँग्री. आय गॉट होम. आय गॉट माय हेअर कट. म्हणाले आता प्रत्येकात 'मिळणे' घालून वाचा. पत्र मिळालं इथवर ठीक, मग राग मिळाला, घर मिळालं, आणि चौथ्याला सगळे गप्प.

मग म्हणाले इंग्रजी राहू दे बाजूला, आधी आपलं 'लागणे' काढू. भूक लागली, ठेच लागली, दिवे लागले, नंबर लागला, तो माझा मामा लागतो, जावं लागलं. एकेकजण हात वर करून सांगतोय आणि सर लिहितायत, फळा भरला, खडूची पांढरी धूळ सरांच्या बाहीवर कोपरापर्यंत आली तरी आमचं 'लागणे' संपेना. आता हे परक्या माणसाला एका शब्दात समजावून दाखवा म्हणाले. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दाला विचारायचा, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढे ३३ वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं लिहिताना तेच कामाला आलं.

सरांची एक गोष्ट तर मला अजून कुठल्या व्याकरणात इतकी सोपी सापडलेली नाही. मराठीत राग मला येतो, ताप मला येतो, भूक मला लागते, म्हणजे या गोष्टी आपल्याकडे चालत येतात. इंग्रजीत बोलणारा 'आय' पुढे उभा असतो, आय गॉट अँग्री, आय गॉट हंग्री. आपण मनातल्या मनात 'मला' पासून सुरुवात करतो आणि तिथेच वाक्य अडतं. आणि ते केसांचं वाक्य, आय कट माय हेअर म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात आली, न्हाव्याकडून कापून घेतले असतील तर 'गॉट' पाहिजे, आपलं 'घेणे' करतं तेच काम. एसटीत उभं राहता येतं, चालता येतं म्हणून गेट ऑन द बस, कारमध्ये वाकून शिरावं लागतं म्हणून गेट इन द कार. बोलताना बिनधास्त गेट वापरा पण अर्जात 'रिसीव्ह्ड' लिहा, हेही त्यांचंच.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याकडे गेले तेव्हा नातू म्हणाला ही हॅज गॉटन टॉल, मी लगेच सुधारायला गेले, 'गॉट' म्हण. मग डिक्शनरी पाहिली तर कळलं की 'गॉटन' हे जुनंच रूप, इंग्लंडात ते वापरातून जवळजवळ गेलं आणि अमेरिकेत टिकलं. आणि 'गेट' स्वतः मूळ इंग्रजी नाहीच, व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलंय, 'फर्गेट' त्याच कुळातलं. सर असते तर त्यांना पहिला फोन केला असता.

पण मला लिहायचंय ते नववीतल्या एका तासाबद्दल. सरांनी दोन वाक्यं दिली होती. आय हॅव गॉट टू गो म्हणजे मला जावं लागतं, आणि आय गेट टू गो म्हणजे मला जायला मिळतं. स्वतःची दोन वाक्यं करा म्हणाले. माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तिच्या वेळी गावात हायस्कूल नव्हतं, सातवीनंतर ती आईबरोबर शेतात जायला लागली. मी लिहिलं, माय सिस्टर हॅज गॉट टू वर्क इन द फील्ड. शी डिड नॉट गेट टू गो टू हायस्कूल. सरांनी वही हातात घेतली, दोनदा वाचली, बरोबरची खूण केली आणि हळूच विचारलं, रात्री तिला शिकवतेस का गं?

त्या रात्रीपासून शिकवायला लागले. चिमणीच्या उजेडात, भाकऱ्या झाल्यावर, दिवसा सरांनी सांगितलेलं जसंच्या तसं. समजलं की ती 'आय गॉट इट' म्हणायची, तिचं पाठ झालेलं पहिलं अख्खं वाक्य तेच.

परवा आमच्या हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवासाठी निघायची एसटी किती वाजता ते ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तीही येतेय माझ्याबरोबर. लगेच उत्तर आलं, गॉट इट.