सारंगखेड्याचे कान (तापीचे स्वार, अपडेट ३)

राम राम मंडळी. मागच्या वेळी माझ्या मिनिएचर (छोट्या पुतळ्यांच्या) सैन्यातले पाच घोडे नुसते चिकटवून ठेवलेले दाखवले होते, ते आता कानासकट तयार झालेत. हा अख्खा अपडेट कानांवरच जाणार, कारण तीन आठवडे मी दुसरं काही केलंच नाहीये.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. किंग्ज ऑफ वॉरसाठी (टेबलावर मिनिएचरचं सैन्य मांडून खेळायचा युद्धखेळ) हलक्या घोडदळाची एक रेजिमेंट चाललीय, म्हणजे १० स्वार, पायाखाली २५ बाय ५० मिमीचे बेस, पाच-पाचच्या दोन रांगा. सैन्य काल्पनिकच, पण बघणाऱ्याला ते तापीकाठचं वाटलं पाहिजे एवढा माझा हट्ट आहे. धडं एल्फ या काल्पनिक जमातीच्या किटमधली, म्हणजे सुट्या भागांच्या संचातली (खवल्यांचं चिलखत फार सुंदर आहे), डोकी दुसऱ्या किटमधली, त्यावर पुट्टीचे फेटे, आणि घोडे तिसऱ्याच किटमधले.

अडचण घोड्यांचीच होती. हे घोडे युरोपातल्या जड चिलखती सरदारांसाठी बनवलेले, मान जाड, खुरांवर केसांचे झुपके, कान बारके आणि सरळ. आजी शिरपूरकडची, तिने एक घोडा उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितला अन् म्हणे, "हाऊ घोडा शे का गधडा?" मला ते लागलंच, कारण खरंच होतं ते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडे जवळून बघितले होते, मोबाइलमध्ये फोटो होतेच, ते काढून बसलो. कान आतल्या बाजूला वळलेले, घोडा सावध झाला की दोन्ही टोकं डोक्यावर जवळजवळ टेकतात. मान उंच, पाय सडपातळ. पण लांबून घोडा ओळखू येतो तो कानांवरूनच, बाकी सगळं नंतर.

आधी खुरांवरचे झुपके ब्लेडने खरवडले. मग मान बुडाशी बारीक आरीने कापली, मधे प्लास्टिकची पातळ पाचर घातली म्हणजे डोकं वर उचललं गेलं, आणि फट एम-सीलने भरली. अशा जागी मला ग्रीन स्टफपेक्षा (निळा-पिवळा भाग मळून होणारी हिरवी पुट्टी) एम-सील आवडतं, ते दगडासारखं होतं आणि कानशीने घासता येतं, ग्रीन स्टफ वाळलं तरी रबरासारखं राहतं, घासायला गेलं की त्याचे तंतू निघतात.

आता कान. २८ मिमीच्या मिनिएचरचं प्रमाण साधारण ५६ ला १ धरलं, आणि खरा कान १५ सेंटीमीटरच्या आसपास धरला, तर आपला कान येतो पावणेतीन मिलिमीटर. पहिल्या घोड्याला मी नुसता ग्रीन स्टफचा गोळा चिकटवून सुईने आकार दिला, सुकल्यावर बोट लागलं आणि दोन्ही कान गळून पडले, ते डोकं बाद झालं. मग जळगावच्या सराफ बाजाराजवळ सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथे गेलो, तिथून ०.५ मिमीचं ड्रिल, ते धरून हाताने फिरवायचा पिन व्हाइस आणि बारीक कानशींचा सेट आणला. आपल्या भागातल्या लोकांनी ऑनलाइन मागवायच्या आधी तिथे एक चक्कर माराच, सोनारांची आणि आपली हत्यारं जवळपास एकच आहेत.

मग डोक्याला दोन भोकं पाडली, वायरमधला तांब्याचा एकेक बारीक तंतू सुपरग्लूने बसवला आणि त्यावर पुट्टी चढवली. शंकूसारखा आकार दिला, ओल्या सुईने समोरून एक चीर दाबली, आणि लगेच वाकवायचा मोह आवरला. अर्धवट घट्ट होऊ दिली, मग आतल्या तांब्यासकट टोक आत वळवलं. ओल्या पुट्टीत वळवलं तर चीर मिटते, पूर्ण वाळल्यावर मग नीट वळत नाही. हिवाळ्यात ही मधली वेळ तासाभराने येते, पण इथे मे महिना, ४४ डिग्री, पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटांतच येते. म्हणून एका वेळी एकाच घोड्यापुरती पुट्टी मळतो, उरलेली फ्रिजमध्ये. आणि पट्टीतली ग्रीन स्टफ घेत असाल तर निळा-पिवळा जिथे जोडलेला असतो ती मधली रेघ दोन-तीन मिमी कापून टाका, ती आधीच वाळलेली असते आणि एवढ्याशा कानात तिचे खडे दिसतात.

चौथ्या घोड्याचे कान मनासारखे आले. मागून उजेड पडला की दोन टोकांच्या मधे केसाएवढी फट दिसते, मी बराच वेळ तेच बघत बसलो होतो.

बेसचं पण चालू केलंय. मामाच्या शेतातली काळी माती तव्यावर भाजून चाळून घेतली, पाण्यात कालवून जाडसर थर दिला अन् उन्हात ठेवला, भेगा आपोआप पडतात, उन्हाळ्यात शेतात पडतात अगदी तशाच. त्यावर पातळ केलेलं फेव्हिकॉल एकदम ओतू नका, माती परत फुगते आणि भेगा मिटतात, थेंबथेंब सोडायचं, दोन थरांत. वाळलेल्या गवतासाठी केळीच्या सोपटाचा धागा वापरला, तीन-चार मिमीचे तुकडे झुबक्याने उभे लावले. रावेरकडच्यांना तर हे फुकटच आहे.

अजून पाच घोडे बाकी आहेत आणि भाल्यांचं काहीच ठरलेलं नाही, स्टीलची तार सरळ राहते पण कापताना जीव जातो, पितळेची हात लागला की वाकते, कोणी दुसरं काही वापरलं असेल तर सांगा. प्राइमर (रंगाआधीचा स्प्रेचा थर) दुपारी मारला तर या उन्हात स्प्रे हवेतच सुकतो आणि घोड्यावर रवाळ धूळ बसते, कानातल्या चिरा त्याने भरून जातील. म्हणून उद्या पहाटे साडेपाचला गच्चीवर, ऊन वर यायच्या आत पाचही घोडे उरकणार.