सौम्य माणूस आणि लढाईचा घोडा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं ग्रीक शिकवते. "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील" हे येशूचं वचन (मत्तयाचं शुभवर्तमान, ५:५) वर्गात आलं की कुणीतरी हमखास विचारतं : इथला मूळ शब्द 'प्राउस' म्हणे लगाम मानणाऱ्या लढाईच्या घोड्यासाठी होता, खरं का?

घोड्यासाठी वापरत, एवढं खरं. लढाई प्रवचनांतून येऊन चिकटली. झेनोफन या ग्रीक लेखकानं इ. स. पू. चौथ्या शतकात अश्वविद्येवर छोटा ग्रंथ लिहिला, त्यात हा शब्द आहे. शिंगरू शिकवणाऱ्याच्या हाती देण्याआधीच ते 'प्राओस' (हे अथेन्सकडचं रूप), हाताला सवकलेलं आणि माणसाची ओढ असलेलं हवं, असं तो सांगतो. भूक, तहान, गोमाश्यांचा जाच एकटं असताना व्हावा. चारापाणी आणि सुटका माणसाकडून मिळावी, याची काळजी मोतद्दारानं घ्यायची. शिकवणं सुरूही न झालेलं, माणसाळलेलं शिंगरू. या वर्णनात रणांगण कुठेच नाही.

आणि मत्तयाकडे तर घोड्याची पुरती उलटी गोष्ट आहे. अध्याय २१ मध्ये येशू यरुशलेमात शिरतो तेव्हा मत्तय जुन्या करारातल्या जखऱ्या या संदेष्ट्याचं वचन देतो : तुझा राजा 'प्राउस' होऊन, गाढवावर बसून येतोय. जखऱ्यात (९:१०) लगेच पुढे काय आहे? एफ्राइमातले रथ, यरुशलेमातले घोडे आणि लढाईचं धनुष्य नाहीसं होईल. ज्या राजाला हा शब्द लावला, त्याच्या राज्यात लढाईचा घोडा शिल्लकच राहत नाही! ही गंमत प्रवचनात कुणी सांगत नाही.

मग मत्तय ५:५ मध्ये शब्द आला कुठून? जुन्या करारातल्या स्तोत्र ३७ मधून. त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ११वं वचन जवळजवळ याच शब्दांत आहे. तिथला प्रश्न जमिनीचा आहे. दुष्ट फोफावलेत, आणि कवी म्हणतो, जळफळू नकोस, राग सोड, थोड्याच वेळात ते दिसेनासे होतील. 'प्राउस'च्या जागी तिथे जो हिब्रू शब्द आहे, त्यात नाडलेली, दबलेली माणसं येतात. ज्यांच्याकडे काही नाही आणि जी हिसकावूनही घेत नाहीत, ती. जमीन त्यांना मिळणार आहे, आणि तीही वारसाहक्कानं. मराठीतला 'वतन' इथे अगदी नेमका बसलाय. ज्यांचं वतन गेलं त्या घराण्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

राग सोडणं म्हणजे राग न येणं नव्हे. ॲरिस्टॉटलच्या मते हा गुण असलेला माणूस योग्य गोष्टीवर, योग्य माणसावर आणि योग्य तेवढाच वेळ रागावतो. जिथे रागवायला हवं तिथेही जो रागावत नाही, तो मूर्ख ठरतो. सूड घेण्यापेक्षा माफ करण्याकडे सौम्य माणसाचा कल असतो, हेही तो नोंदवतो.

करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१०:१) प्रेषित पौल या गुणाशेजारी 'एपिएइकेया' ठेवतो. कायदा सरसकट असतो, म्हणून जिथे तो अपुरा पडतो तिथे सावरून घेणं, असा ॲरिस्टॉटलनं त्याचा अर्थ केलाय. लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची शिशाची मोजपट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते, तसं. ख्रिस्ताच्या या दोन्ही गुणांची आठवण देऊन पौल पुढच्या चार अध्यायांत करिंथकरांना खरमरीत सुनावतो.

आता खरं सांगू? हा प्रश्न बायका जास्त विचारतात. पेत्राच्या पहिल्या पत्रातला "सौम्य व शांत आत्मा" त्यांना लहानपणापासून ऐकवलेला असतो, बहुतेकदा 'गप्प बस' या अर्थानं. घोडा त्यांना आवडतो, कारण त्यात निदान ताकद तरी आहे. त्यांना मी वचनं मोजायला सांगते. नव्या करारात 'प्राउस' चारदाच येतो. एकदा 'जे सौम्य ते धन्य' या वचनात, एकदा पेत्राच्या त्या वचनात बायकांसाठी, आणि दोनदा खुद्द येशूसाठी. पेत्र त्याच अध्यायात पुढे सगळ्यांनाच, पुरुषांनाही, आपल्या आशेबद्दल सौम्यतेनं उत्तर द्यायला सांगतो. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावंच लागतं. आणि गाढवावरचा तो 'प्राउस' राजा मत्तय २१ च्या पाचव्या वचनात येतो. बाराव्या वचनात त्यानं मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकलेले असतात.